अमेरिकन साहित्य आणि आपला बांध

(बी. ए. द्वितीय वर्ष, इंग्रजी ऐच्छिक)

"खेड्यापाड्यांतून आलेल्या मुलामुलींना अमेरिकेचे साहित्य कशाला शिकवायचे?" हा प्रश्न गेल्या वर्षभरात मी अनेकांच्या तोंडून ऐकला. पाहुण्यांनी विचारला, गावातल्या चार बुके शिकलेल्या मंडळींनी विचारला, आणि आमच्याच वर्गातल्या मित्रमैत्रिणींनीही विचारला. विचारणाऱ्यांचा हेतू वाईट असतो असे मला मुळीच म्हणायचे नाही. घरातून पहिल्यांदाच कोणी कॉलेजची पायरी चढलेले असते. त्या पोराने पोलीस भरती करावी, स्पर्धा परीक्षा द्यावी, लवकर चार पैसे घरात आणावेत, ही अपेक्षा रास्तच आहे. मुलगी असेल तर ती किती दिवस शिकणार, याचाही हिशेब घरात चाललेला असतो. अशा वेळी हेमिंग्वे आणि फ्रॉस्ट यांचे नाव काढणे म्हणजे पायात वहाण नसलेल्याने डोईच्या पगडीची चौकशी करण्यासारखे वाटते.

तरीही या प्रश्नाचे उत्तर दिले पाहिजे असे मला वाटते. कारण त्याच्या पोटात दुसरा एक प्रश्न दडलेला आहे. साहित्य कोणाचे, आणि त्यावर बोलण्याचा अधिकार कोणाचा, हा तो प्रश्न होय.

विद्यार्थी मित्रांनो, प्रथम एक गैरसमज दूर करू. अमेरिकन साहित्य म्हणजे मोठमोठ्या विद्यापीठांतून बाहेर पडलेल्या पंडितांची मिरासदारी, असे आपण धरून चालतो. वस्तुस्थिती काय आहे? १८५५ साली 'लीव्हज ऑफ ग्रास' हा युगप्रवर्तक कवितासंग्रह काढणाऱ्या वॉल्ट व्हिटमनची शाळा अकराव्या वर्षी सुटली होती. पुढे तो छापखान्यात खिळे जुळवायला शिकला. मार्क ट्वेन वडील वारल्यावर असाच छापखान्यात उमेदवारीला लागला. हेमिंग्वे शाळा संपवून थेट वर्तमानपत्राच्या कचेरीत गेला. रॉबर्ट फ्रॉस्ट दोन नामांकित कॉलेजांत जाऊन पदवी न घेताच परतला, आणि जॉन स्टाइनबेकनेही पदवी अर्धवट टाकली. फ्रेडरिक डग्लसला तर शाळेचे दारच बंद होते, कारण तो गुलाम म्हणून जन्मला होता. म्हणजे ज्यांची पुस्तके आपण बिचकत बिचकत हातात घेतो, त्यांतल्या या सहांपैकी एकानेही कॉलेजात बसून पदवी मिळवली नव्हती. आपल्याकडे अण्णा भाऊ साठे आणि बहिणाबाई ज्या वाटेने साहित्यात आले, तिच्याशी ही वाट मिळतीजुळती आहे. मग या पुस्तकांची भीती आपणच का बाळगावी?

दुसरी गोष्ट अशी की, अमेरिकेचा विचार आपल्या मातीत आज नव्याने येत नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ लिहिला आणि तो अमेरिकेतील ज्या सज्जनांनी काळ्या लोकांना गुलामीतून सोडविण्यासाठी झीज सोसली, त्यांना अर्पण केला. त्या काळी पुण्याहून अमेरिका किती दूर! पण जोतीरावांना ती दूर वाटली नाही, कारण त्यांना तिथे आपलाच प्रश्न दिसला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. पुढे १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीयांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहिले आणि डू बॉइस यांनी त्याला उत्तरही दिले.

आणि आपल्या मराठवाड्याचे काय? पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, जे कॉलेज काढले तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपाला आले. ज्यांच्या सात पिढ्यांत कोणी कॉलेज पाहिले नव्हते अशी मुले तिथे शिकू लागली. त्याच मिलिंदचे प्राचार्य डॉ. म. ना. वानखेडे यांनी अमेरिकेत जाऊन व्हिटमनवर संशोधन केले, डॉक्टरेट मिळवली आणि परत येऊन आपल्या विद्यार्थ्यांपुढे कृष्णवर्णीय लेखकांचे उदाहरण ठेवले. आपले दुःख आपल्याच भाषेत मांडता येते, तेही साहित्य होते, ही जाण त्या चर्चांतून पक्की झाली. मिलिंदच्याच परिसरात 'अस्मिता' आणि मग डॉ. गंगाधर पानतावणे यांचे 'अस्मितादर्श' उभे राहिले. प्राचार्य जनार्दन वाघमारे यांचा 'अमेरिकन निग्रो : साहित्य आणि संस्कृती' हा ग्रंथ १९७८ साली मराठीत आला. १९७२ साली मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने तर आपले नावच अमेरिकेतील ब्लॅक पँथर या १९६६ च्या संघटनेवरून घेतले. आणि २००९ साली अमेरिकेत सॅन होजे येथे पहिले विश्व मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा त्याच्या अध्यक्षपदी बसले ते आपले पानतावणे सर! एवढा इतिहास पाठीशी असताना मराठवाड्यातल्या मुलाला अमेरिकन साहित्य झेपणार नाही असे म्हणणे, हे मराठवाड्याचाच इतिहास न वाचल्याचे लक्षण आहे.

आता खुद्द शिकवण्याकडे वळू. खरी अडचण इथेच आहे.

अनेक ठिकाणी अमेरिकन साहित्याचा पेपर 'गाइड'वर निघतो. मूळ पुस्तक ग्रंथालयात एक असते किंवा नसते. गाइडात दहा अपेक्षित प्रश्न आणि दहा तयार उत्तरे असतात. मुले ती पाठ करतात, पास होतात, आणि पुस्तकाच्या पानाचा वासही न घेता त्या लेखकाची थोरवी परीक्षेत लिहून येतात. याचा सगळा दोष प्राध्यापकांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. कित्येक प्राध्यापक तासिका तत्त्वावर आहेत. पुढच्या वर्षी आपण या कॉलेजात असू की नाही हेच ज्यांना ठाऊक नाही, त्यांनी किती जीव ओतावा? शिवाय समोरची मुले एस.टी.च्या वेळा सांभाळून येणारी. केदारखेड्याहून निघायचे तर गाडी मिळाली तर तास, नाही तर तास बुडाला. सोयाबीनची काढणी आणि कापसाची वेचणी आली की वर्ग अर्धा रिकामा. अशा परिस्थितीत गाइड सर्वांच्याच सोयीचे पडते.

पण या सोयीत आपण काय गमावतो ते एका उदाहरणाने सांगते. हेमिंग्वेची 'द ओल्ड मॅन अँड द सी' ही छोटी कादंबरी १९५२ ची. पु. ल. देशपांडे यांनी तिचा 'एका कोळियाने' हा मराठी अनुवाद केला आहे. चौऱ्याऐंशी दिवस मासा न मिळालेला म्हातारा कोळी एकटाच खोल समुद्रात जातो, होडीहून लांब मासा त्याच्या गळाला लागतो, तो त्याच्याशी झुंजतो आणि जिंकतो. पण परतीच्या वाटेवर शार्क मासे त्या माशाचे लचके तोडतात आणि किनाऱ्याला उरतो तो फक्त सांगाडा. गाइडात लिहिले होते की, समुद्र हे जीवनाचे प्रतीक आहे आणि मासा हे ध्येयाचे. मी ते पाठही केले होते.

एका संध्याकाळी ही गोष्ट मी घरी अण्णांना सांगितली. आमची तीन एकर कोरडवाहू जमीन. अण्णांनी समुद्र कधी पाहिला नाही. त्यांनी सारे ऐकून घेतले आणि पहिलाच प्रश्न केला, "मंग तेवढ्या माशाचा काय भाव आला असता? म्हाताऱ्यानं काही हिशेब केला का नाही?"

गाइडात याचे उत्तर नव्हते. पुस्तक उघडून पाहिले तर ते तिथे होते! म्हातारा खरोखरच होडीत बसून मनातल्या मनात हिशेब करतो. मासा पंधराशे पौंडांच्या वर भरेल, साफ केल्यावर दोन-तृतीयांश उरेल, पौंडाला तीस सेंटचा भाव धरला तर किती होतील, असे तो मोजत बसतो. हाताला जखमा झालेल्या, डोके ठिकाणावर नाही, तरी भाव सुटत नाही. कापसाच्या गाडीवर बसून बाजाराला निघालेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. प्रतीके खोटी आहेत असे माझे म्हणणे नाही. पण प्रतीकाच्या आधी माणूस असतो, आणि माणसाच्या पोटाचा हिशेब असतो. अण्णांना तो हिशेब गाइडवाल्याच्या आधी दिसला. अशी नजर घेऊन जी मुले वर्गात येतात, त्यांना "तुम्हाला हे कळणार नाही" असे कोणत्या तोंडाने सांगायचे?

स्टाइनबेकच्या 'द ग्रेप्स ऑफ रॅथ' या १९३९ च्या कादंबरीचेही असेच आहे. दुष्काळ, धुळीची वादळे, बँकेचे कर्ज आणि ट्रॅक्टर यांनी जमिनीवरून उठवलेले जोड कुटुंब ओक्लाहोमा सोडून जुन्या मोटारीत संसार भरून कॅलिफोर्नियाकडे निघते. तिथे काम भरपूर आहे अशी पत्रके वाटलेली असतात. पण एका कामाला दहा माणसे आल्यामुळे मजुरी उतरत जाते. जालना-बीडकडच्या मुलांना दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला निघणारे ट्रक आणि बैलगाड्या ठाऊक आहेत. मुकादमाची उचल ठाऊक आहे, नवरा-बायको मिळून एक कोयता कसा धरतात हे ठाऊक आहे, आणि फडावर गेल्यामुळे शाळा सुटलेली पोरेही ठाऊक आहेत. २०१२-१३ च्या दुष्काळात आपल्या जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या, तेव्हा मी अगदी लहान होते. पण वाळलेली झाडे तोडून सरपणासाठी रचून ठेवली होती, त्याच्या गोष्टी आमच्या घरी अजून निघतात. त्याच कादंबरीत भाव टिकावा म्हणून संत्र्यांच्या ढिगांवर रॉकेल ओततात आणि उपाशी माणसे बघत राहतात. ते वाचताना मला मराठवाड्याचेच लेखक भास्कर चंदनशिव यांची 'लाल चिखल' ही कथा आठवली. तिथे भाव न मिळाल्याने टोमॅटोचा चिखल खुद्द पिकवणारा बापच करतो.

पण इथेच थांबून एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. "हे तर अगदी आपल्यासारखेच!" असे म्हणून पुस्तक मिटवले तर शिक्षण अर्धेच झाले. सारखेपणा ही दाराची कडी आहे. ती काढून आत गेल्यावर फरक दिसू लागतो. स्टाइनबेकची संत्री बागांचे बडे मालक नासवतात, चंदनशिवांचे टोमॅटो गरीब शेतकरी स्वतः तुडवतो. एकीकडे नफ्याचा हिशेब आहे, दुसरीकडे हताश संताप आहे. हा फरक का पडला, असे विचारले की अर्थशास्त्र, इतिहास आणि साहित्य एकाच बाकावर येऊन बसतात.

फ्रॉस्टची 'मेंडिंग वॉल' ही १९१४ च्या संग्रहातली कविता आमच्या वर्गात वाचली गेली तेव्हाचा प्रसंग सांगण्यासारखा आहे. दोन शेजारी वसंत ऋतूत आपापल्या बाजूने चालत मधल्या दगडी भिंतीचे पडलेले दगड पुन्हा रचतात. एकाला वाटते, माझी सफरचंदे आणि याची पाइनची झाडे, इथे भिंतीचे काय काम? दुसरा मात्र वडिलांकडून ऐकलेले एकच वाक्य धरून बसतो. कविता समजताच वर्गात हशा पिकला, कारण बांधाचे भांडण ज्याच्या घरात नाही असे घर आमच्याकडे शोधावे लागेल. कोणी दरवर्षी वीतभर बांध कसा कोरला जातो ते सांगितले, कोणी तालुक्याच्या कोर्टातल्या तारखा सांगितल्या. सगळ्यांचे बोलून झाल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "ज्यांना जमीनच नाही त्यांना बांध कुठला? आम्ही दोघांच्याही बांधावर गवत कापायला जातो, आणि दोघेही हाकलतात."

वर्ग गप्प झाला. फ्रॉस्टच्या कवितेत दोनच माणसे आहेत आणि दोघेही जमीनवाले आहेत. तिसरा माणूस त्या भिंतीपाशी का नाही, हा प्रश्न आमच्या वर्गात त्या मुलाने उभा केला. याला मी साहित्याचा अभ्यास म्हणते. फ्रॉस्ट त्यामुळे लहान ठरत नाही; उलट त्याची कविता केवढ्या मोठ्या बोलण्याला वाट करून देते ते कळते. आणि हे सारे बोलणे मराठीत झाले म्हणून झाले. इंग्रजीतच बोला अशी सक्ती असती तर तो मुलगा तोंड उघडताच ना.

कोणी म्हणेल, आधी आपले साहित्य वाचा, मग परक्याचे. या म्हणण्यात तथ्य आहे. पण 'लाल चिखल' मी शाळेत 'धडा' म्हणून वाचली होती. स्टाइनबेक वाचल्यावर ती मला 'साहित्य' म्हणून दिसली. दुसऱ्याच्या घरी जाऊन आले की आपल्या घराचे आढे किती उंच आहे ते कळते. कोणी म्हणेल, आता कौशल्याचे शिक्षण द्या, कादंबऱ्यांनी पोट भरत नाही. अमेरिकेत कम्युनिटी कॉलेज नावाची दोन वर्षांची कॉलेजे आहेत. इलिनॉय राज्यातले जोलिएटचे कॉलेज १९०१ साली निघाले. फी कमी, प्रवेश सर्वांना खुला, आणि विद्यार्थी बहुधा आपल्यासारखेच, म्हणजे काम करून शिकणारे, घरातले पहिलेच. तिथे वेल्डिंगही शिकवतात आणि डग्लसही शिकवतात. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३-१४ पासून कम्युनिटी कॉलेजची योजना आणली, ती मुख्यतः कौशल्याच्या अभ्यासक्रमांची. कौशल्य हवेच. पण गरिबाच्या मुलाला फक्त हाताचे काम आणि सुखवस्तूच्या मुलाला कविता, अशी वाटणी झाली तर ती जुन्याच वाटणीची नवी आवृत्ती होईल. डग्लसच्या १८४५ च्या आत्मचरित्रात मालकीण त्याला मुळाक्षरे शिकवू लागते, तेव्हा मालक तिला थांबवतो. वाचायला शिकला की गुलाम कामाचा राहत नाही, असे त्याचे म्हणणे असते. डग्लसने तेव्हाच ओळखले की, सुटकेची वाट याच अक्षरांतून जाते. पुढे रस्त्यावरच्या गोऱ्या पोरांना भाकरतुकडा देऊन त्याने त्यांच्याकडून वाचन शिकून घेतले. त्याचे पुस्तक आले त्यानंतर तीनच वर्षांनी, १८४८ साली, पुण्यात फुले दांपत्याने मुलींची शाळा काढली. मी आज कॉलेजात बसते आहे ती त्या शाळेमुळे. तेव्हा 'कशाला शिकायचे' या प्रश्नाला माझ्यासारख्या मुलीने तरी सहजासहजी मान डोलावू नये.

शेवटी नुसती टीका करून थांबू नये म्हणून चार सूचना नम्रपणे मांडते. पहिली, मूळ पाठ आधी वाचावा, निदान त्यातली पाचदहा पाने वर्गात मोठ्याने वाचली जावीत. गाइड हवे तर नंतर. व्हिटमन, डग्लस आणि फ्रॉस्टच्या सुरुवातीच्या कविता आता जुन्या झाल्यामुळे मोबाईलवर अधिकृतपणे फुकट मिळतात, तेव्हा पुस्तक नाही ही सबब पुरी पडत नाही. दुसरी, चर्चा मराठीत होऊ द्यावी आणि मग तीच इंग्रजीत लिहायला शिकवावी. विचार आधी आला की भाषा मागोमाग येते. तिसरी, प्रत्येक अमेरिकन पुस्तकाला एक मराठी जोडीदार द्यावा. डग्लसबरोबर दया पवारांचे 'बलुतं', स्टाइनबेकबरोबर सदानंद देशमुखांची 'बारोमास'. चौथी, परीक्षेत एक तरी प्रश्न असा असावा की, ज्याचे उत्तर विद्यार्थ्याला स्वतःच्या गावाकडे पाहूनच लिहावे लागेल. असा प्रश्न कोणत्याही गाइडात सापडणार नाही.

या सूचनांना फारसा पैसा लागत नाही. लागतो तो विश्वास, की समोर बसलेल्या मुलाजवळ सांगण्यासारखे काही आहे. प्राध्यापकांनी तो आमच्यावर टाकावा आणि आपण विद्यार्थ्यांनीही तो स्वतःवर टाकावा. व्हिटमनचे, डग्लसचे, स्टाइनबेकचे पुस्तक पूर्णाकाठी आले तर ते इथल्या माणसांना काही शिकवील यात शंका नाही; आणि अण्णांसारख्यांचे व मागच्या बाकावरच्या त्या मुलाचे प्रश्न ऐकून त्या पुस्तकांचे वाचनही थोडे अधिक पुरे होईल, असे मला मनापासून वाटते.